करून पाहिलेली योजना

बालाघाटच्या शिक्षण कार्यालयात मी रुजू व्हायला गेले तेव्हा योजना शाखेच्या प्रमुख मॅडम जागेवर नव्हत्या. बाबूंनी सांगितलं, योजना शाखेत नेमणूक आहे तर आधी मॅडमना भेटा, त्या गावाबाहेरच्या एका प्राथमिक शाळेत गेल्या आहेत. मी ऑटो करून तिथं पोचले. शाळेच्या व्हरांड्यात शिक्षक, स्वयंपाकाच्या बाया आणि सगळी मुलं गोळा झाली होती, आणि पन्नाशी ओलांडलेली एक बाई पदर खोचून, दवाखान्यातून मागून आणलेल्या चाकाच्या खुर्चीत बसून, शाळेच्या नव्या सिमेंटच्या उतारावरून खाली येत होती. येत होती म्हणजे खुर्चीच तिला आणत होती. उतार जिथं संपायचा तिथं हातपंपाचा ओटा होता. खुर्ची ओट्यावर आदळली आणि बाई शेजारच्या चिखलात गेली.

कोणी हसलं नाही. हसायची छातीच नव्हती कोणाची. त्या उठल्या, सोललेलं कोपर पाहिलं, पदरानं टिपलं आणि गर्दीत अनोळखी दिसणारी मी एकटीच, म्हणून माझ्याकडे वळल्या.

"नवीन आहेस ना व तू? लिहून घे. कागदावर उतार झाला. इथं घसरगुंडी झाली."

माझी आणि मॅडमची ओळख ती अशी.

योजना शाखेचं काम म्हणजे पुढच्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळांसाठी काय काय करायचं ते ठरवून भोपाळला पाठवणं. कुठं वर्ग बांधायचे, कुणाला प्रशिक्षण द्यायचं, शाळा सोडलेल्या मुलांना परत कसं आणायचं, असं सगळं. हे काम खुर्चीतून न उठताही होतं. मागच्या वर्षीची योजना उघडायची, साल बदलायचं, चार गावांची नावं इकडची तिकडं करायची, झालं. मॅडमचा मात्र एक नियम होता आणि त्या नियमानं अख्खं कार्यालय बेजार होतं. योजनेत जे लिहायचं ते आधी स्वतः करून पाहायचं.

"मी करून पाह्यतो, मंग लिव्हतो," म्हणायच्या. आमच्या भागातल्या जुन्या मराठी घरांतल्या बाया स्वतःबद्दल 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. कार्यालयाचा कारभार सगळा हिंदीतून चाले. माझंही मराठी घरापुरतंच होतं, हट्टा गावच्या आजोळी शिकलेलं. पण मी मराठी घरची आहे हे कळल्यापासून त्यांनी माझ्याशी हिंदी बोलणं बंद केलं. मी हिंदीत उत्तर दिलं की ऐकूच आलं नाही असं तोंड करायच्या. माझं मराठी त्यांच्या धाकानं सुधारलं.

शिक्षकांचं प्रशिक्षण ठरवायचं झालं तर त्या आधीच्या प्रशिक्षणात शेवटच्या रांगेत सतरंजीवर जाऊन बसत, पहिल्या भाषणापासून आभारापर्यंत. तिथून परत आल्या की पाठीला बाम लावत म्हणत, "दुपारच्या जेवणानंतर बोललेलं एक अक्षर कोणाच्या डोस्क्यात गेलं नाई. माह्याबी नाई." मग त्या वर्षी दुपारनंतर भाषणं नाहीत, हातानं करायचं काहीतरी. एकदा योजनेत 'माता बैठक, सकाळी अकरा वाजता' असं होतं, आणि महिना पावसाळ्याचा. मॅडम माझ्या मामांच्या शेतात धानाच्या रोवणीला गेल्या. मामा संकोचानं अर्धे झाले. साहेब बाईला चिखलात कसं उतरू द्यायचं? पण त्या उतरल्या आणि बायांच्या ओळीत वाकून दुपारपर्यंत रोवत राहिल्या. बांधावर परत आल्या तेव्हा त्यांना सरळ उभं राहता येईना. तशाच वाकलेल्या मला म्हणाल्या, "या बाईले तू शाळेच्या विकासावर बोलाले बलावणार? मले आता कोणी बलावलं तर मी गोटा मारीन." बैठका रोवणीनंतर गेल्या.

काही शब्द त्यांना चालत नसत. जनजागृती, सशक्तीकरण, वातावरण निर्मिती. कोणी तसला शब्द लिहून आणला की चष्मा कपाळावर चढवून विचारायच्या, "म्हणजे कोण, कुठं जाऊन, काय करीन?" उत्तर देता आलं नाही तर कागद परत. रागावत नसत, पण घेतही नसत. त्यांचं आणखी एक वाक्य होतं: "कागदाले पाय नसतात."

त्या फार प्रेमळ वगैरे होत्या असा समज करून घेऊ नये. माझं काम चांगलं झालं असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. आमच्या जिल्ह्याची योजना दर वर्षी सगळ्यात शेवटी जायची आणि त्याची बोलणी आम्ही सगळे खायचो. दौऱ्यावर कार्यालयाची गाडी असली तरी त्या बसनं जात आणि मलाही नेत. पोरं जीपनं शाळेत येत नाहीत, एवढंच कारण. उकवा गावच्या चढावर उभ्यानं झोके खात जाताना मी त्यांना मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या आहेत. मॅडमनी लग्न केलं नव्हतं, वडिलांचं घर होतं, तिथं म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. आई कधी फोन करून मला विचारायची, "पोरी, तुह्या मॅडमनं आज काय मोडून घेतलं?"

आणि मग सायकलीचं वर्ष आलं.

बिरसा तहसिलीत, जंगलाच्या आतल्या भागात, आठवीनंतर मुली शाळा सोडत होत्या. हायस्कूल दूर, मध्ये घाट. त्यांना शासनाच्या सायकली मिळाल्या होत्या, तरी वर्गातल्या मुली कमीच होत होत्या. वरून सूचना आली की यावर योजनेत उपक्रम घ्या, आणि सोबत उपक्रमही आलाच: मुलींची सायकल रॅली, घोषणा, टोप्या. मॅडमनी तो कागद वाचला, बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "मले सायकल शिकाची हाये. तुले येते ना?"

निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली बाई. मला वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मैदानावर हजर होत्या, भाच्याची जुनी सायकल घेऊन, साडीखाली बूट घालून. तो सगळा हिवाळा मी सीट धरून त्यांच्या मागं धावले. फिरायला येणारी बालाघाटातली मोठी माणसं थांबून बघायची. कार्यालयात तर दर सकाळी चौकशी व्हायची, आज किती वेळा पडल्या म्हणून. मॅडम उत्तर द्यायच्या, शांतपणे, हवामान सांगावं तसं. पडून, गुडघे फोडून, एकदा भाजीच्या हातगाडीत शिरून त्या शेवटी शिकल्या. वळताना अजून सायकल डगमगायची, पण म्हणाल्या, "पुरे. त्या पोरींलेबी एवढंच येत असंन."

आम्ही आदल्या संध्याकाळी त्या गावात मुक्कामाला गेलो आणि सकाळी मुलींबरोबर निघालो. दोन सायकली गावातल्याच मागून घेतल्या. मुलींना सांगितलं होतं की आम्ही पाहुण्या आहोत, तुम्ही रोज जाता तशा जा. मुली आधी लाजल्या, मग घाट सुरू झाल्यावर आम्हाला विसरल्या. चढाला सगळ्या उतरतात आणि सायकल ढकलतात. मॅडमचा श्वास मला मागून ऐकू येत होता. उतारावर त्या दोन्ही पाय जमिनीला घासत आल्या. त्यानंतर रस्त्यात गिट्टी पसरलेली होती आणि तिथं एका मुलीची सायकल पंक्चर झाली.

पंक्चर काढणारा जवळपास कोणी नाही. मुलींचा एक अलिखित कायदा होता, एकीची सायकल बसली की सगळ्यांनी चालायचं. चालता चालता एक मुलगी म्हणाली, "मैडम, अब तो गेट बंद हो जाएगा." मॅडमनी विचारलं, मग? ती म्हणाली, "फिर वापस."

झालं तसंच. आम्ही पोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती आणि लोखंडी फाटकाला आतून कुलूप होतं. भृत्य, म्हणजे शाळेचा शिपाई, आतल्या बाजूला स्टुलावर बसला होता. त्यानं मुलींकडे पाहिलं, घामानं भिजलेल्या, केस सुटलेल्या, धुळीनं माखलेल्या मॅडमकडे पाहिलं, आणि कोणाची तरी आई असेल असं समजून म्हणाला की प्राचार्यांचा आदेश आहे, प्रार्थनेनंतर कोणी आत नाही, उद्या वेळेवर या.

मी पुढं झाले. या कोण आहेत ते सांगायला तोंड उघडलं, तर मॅडमनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की दुखलं.

"गप राह्य. आज आपण उशिरा आलेल्या पोरी आहोत. मंग काय होते ते पाहू दे."

मंग काय होतं, तर काही होत नाही. मुली थोडा वेळ फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसल्या. आतून इंग्रजीच्या कवितेचा आवाज येत होता. एक मुलगी ओठातल्या ओठात तिच्या पुढच्या ओळी म्हणत होती. मग त्या उठल्या आणि परत निघाल्या आणि आम्हीही. उन्हात, पंक्चर सायकल ढकलत, तोच घाट. घाटातल्या एका वळणावर मुली थबकल्या, आजूबाजूला पाहून भरभर पुढं गेल्या. विचारलं तेव्हा कळलं, फुलवती नावाची त्यांची मैत्रीण मागच्या वर्षी अशीच फाटकावरून परत पाठवली गेली होती. त्या दिवशी बाकीच्या वेळेत पोचल्या होत्या, ती एकटी मागं राहिली होती; एकीसाठी सगळ्यांनी चालायचा कायदा त्यानंतरचा. परतताना या वळणावर मोहाच्या झाडाखाली अस्वल होतं. फुलवती सायकल टाकून पळाली. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

गावात पोचल्यावर मॅडम पाणीही न पिता फुलवतीच्या घरी गेल्या. मुलगी अंगणात धान वाळवत होती, उंच, बारीक, कोणाकडे न बघणारी. आई बोलली. तिचं म्हणणं सरळ होतं. जंगल तिच्या लेकीला माहीत आहे, अस्वलही माहीत आहे. जंगलात माणूस एकटं जात नाही, एवढंच शिकवलेलं. शाळेनं लेकीला एकटं जंगलात पाठवलं. "जानवर की गलती नहीं है," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, फाटक उघडं राहिलं तर पाठवाल का? आईनं त्यांच्या फुटलेल्या टाचांकडे पाहिलं आणि म्हणाली, "रहेगा तो देखेंगे."

त्या वर्षीच्या योजनेत मॅडमनी मुलींसाठी तीन गोष्टी लिहिल्या: मुलींना पंक्चर काढायला शिकवायचं, त्याचं सामान दर गटाकडे द्यायचं, आणि उशिरा आलेल्या मुलीला शाळेनं परत पाठवायचं नाही. पहिल्या दोन मंजूर झाल्या. तिसरीला संगणकानंच अडवलं. पोर्टलवर खर्चाचा रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं, आणि फाटक उघडायला खर्च काय येणार? मी शून्य टाकलं की लाल अक्षरं यायची. आढाव्याच्या दिवशी भोपाळचे साहेब पडद्यावरून समजावून सांगू लागले की मॅडम, ही गतिविधी नाही, उपक्रम नाही, हा फार तर एक आदेश आहे, काढून टाका. मॅडम म्हणाल्या, "सर, आदेश को भी किसी को पैदल ले जाना पड़ता है. वो मेरी गतिविधि है." पडद्यावर कोणीतरी हसलं. त्यांनी ती ओळ काढली नाही. आमच्या साहेबांनी मला काढायला सांगितली. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तू काढ, तुले अजून लय वर्षं नोकरी कराची हाये. मी सही करत नाई." आणि केली नाही. त्यांच्या सहीविना योजना गेली.

थोड्याच दिवसांत त्यांना नोटीस आली आणि मग योजना शाखेतून काढून पुस्तकांच्या भांडारात बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्या तिथंच होत्या. तिथंही त्या गठ्ठे सोडून प्रत्येक पुस्तकाची पानं उलटून बघायच्या, आणि कोरी पानं निघालेली पुस्तकं छापखान्याला परत पाठवायच्या. भांडाराचा बाबू मला भेटला की हात जोडायचा.

लोकांना वाटलं, आता फाटकाचं संपलं. मॅडमना तसं वाटलं नव्हतं. त्यांनी सुटी टाकली आणि स्वतःच्या खर्चानं बसनं त्या हायस्कूलला गेल्या. मी सोबत गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. प्राचार्यांना त्यांनी पंक्चरच्या दिवशी मुली परत पाठवल्या गेल्याचं सांगितलं, पण दोष दिला नाही. एवढंच विचारलं की कुलूप का. ते गृहस्थ गणिताचे, शिस्तीचे, माझ्या मते वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं, काही वर्षांपूर्वी मधल्या वेळात एक विद्यार्थी बाहेर पडला आणि ट्रकखाली आला. जीव वाचला, पाय गेला. गावानं शाळेला घेराव घातला होता आणि मुलाचा बाप त्यांच्या टेबलासमोर जमिनीवर बसून होता. "उस दिन से चाबी मेरी जेब में रहती है," ते म्हणाले आणि खिशावर हात ठेवला.

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. पहिल्यांदाच मी त्यांना असं अडकलेलं पाहिलं. मग त्यांनी विनंती केली, विनंतीच होती, की सर, एकदा माझ्यासोबत त्या गावाहून सायकलनं या. त्यानंतर तुम्ही म्हणाल ते.

ते आले. मला वाटलं नव्हतं येतील. घाटात आम्ही सगळे ढकलत होतो, प्राचार्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या दिवशी पंक्चर झालं नाही, काहीच झालं नाही. आम्ही अगदी वेळेवर पोचलो. प्रार्थना सुरू व्हायची होती. मला रडू येईल असं वाटलं. एवढं करून सिद्ध काय झालं, तर वेळेवर पोचता येतं. प्राचार्यही तेच म्हणाले, समय पर तो आ गए. मॅडम मान हलवून हौ म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

पहिला तास प्राचार्यांचा होता, नववीला गणिताचा. ते वर्गात गेले आणि थोड्या वेळानं बाहेर आले. फळ्यावर हात वर होत नव्हता, म्हणाले. वर्गातल्या त्याच मुली बाकावर डोकं टेकून बसल्या होत्या. "मैं इनको रोज़ पहले पीरियड में डाँटता हूँ," एवढंच बोलून ते खुर्चीत टेकले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, त्या दिवशी यांना परत पाठवलं तेव्हा या याच रस्त्यानं गेल्या? मॅडम म्हणाल्या, मीही होते. त्यांनी मॅडमकडे नीट पाहिलं. तोपर्यंत त्यांना ते माहीत नव्हतं.

आदेश वगैरे काही निघाला नाही. गणिताचा तास दुपारी गेला. कुलूप तसंच राहिलं, कारण मॅडमनीच ते राहू दिलं. म्हणाल्या, ट्रक खरा आहे, अस्वलही खरं आहे. फक्त किल्ली प्राचार्यांच्या खिशातून भृत्याकडे आली, आणि त्याला सांगितलं गेलं की बाहेर जाणाऱ्याला विचार, आत येणाऱ्याला विचारू नको.

पुढच्या सत्रात फुलवतीचं नाव पुन्हा लिहिलं गेलं, पण ती आली नाही. मॅडमनी दोनदा निरोप पाठवला. आईचा निरोप आला की रोवणी होऊ द्या.

रोवणी आटोपल्यावर फुलवती येणार असा निरोप आला; मॅडमनी मला कार्यालयातून सुटी घ्यायला लावली आणि आम्ही पहाटेच्या बसनं हायस्कूलला गेलो. सकाळची प्रार्थना झाली, मुली आत गेल्या. फुलवती त्यांच्यात नव्हती. मॅडम फाटकाबाहेरच्या झाडाखाली बसल्या. दुसरा तास सुरू झाला. मी म्हटलं, मॅडम, आता कोण येणार, परतीची बस निघून जाईल. त्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

मग त्या दोघी आल्या. आई पुढं, लेक मागं, सायकल नाही, पायी. घामाचा थेंब नाही, घाई नाही. आईनं लेकीला फाटकासमोर उभं केलं. भृत्यानं स्टुलावरून पाहिलं. इतक्या उशिरा, ना पुस्तक ना दप्तर. तो घुटमळला. आई त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मॅडमनी माझं मनगट धरलं, पण या वेळी मी काही बोलणार नव्हतेच.

भृत्यानं किल्ली काढली आणि फाटक ढकललं. फुलवती आत गेली. व्हरांड्यात पोचल्यावर तिनं कोणता वर्ग म्हणून विचारलं असावं, कारण भृत्यानं हात करून दाखवला.

फुलवतीच्या आईनं ती वर्गात शिरेपर्यंत पाहिलं. मग आमच्याकडे वळून मॅडमना म्हणाली, "जान-बूझ के देर से निकले थे."

"हौ," मॅडम म्हणाल्या. "मले वाटलंच."

आईला मराठी कळलं की नाही, मला माहीत नाही. ती झाडाखाली आमच्याशेजारी येऊन बसली, पदरात बांधलेले भाजलेले चणे सोडले आणि अर्धे मॅडमच्या हातावर ठेवले. शाळा सुटेपर्यंत आम्ही तिघी तिथंच बसलो.